गिफ्टेड प्रोग्रामच्या फाईलमध्ये लेकीचं नेमकं काय घालायचं? (फेअरफॅक्स, दुसरी)

चिंचगूळ
२१ नोव्हेंबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे नुसती वाचायला येते. आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढते.

आम्ही व्हर्जिनियात, फेअरफॅक्स काउंटीत राहतो. लेक दुसरीत, वय वर्षं सात. इथल्या सरकारी शाळांत तिसरी ते आठवी अभ्यासात पुढे असलेल्या मुलांसाठी पूर्णवेळ वेगळा वर्ग असतो, त्याला एएपी लेव्हल फोर म्हणतात. पहिलीत एनएनएटी नावाची परीक्षा झाली, ती नुसत्या आकृत्यांची. यंदा कोगॅट झाली, तिच्यात शब्द, आकडे आणि आकृत्या असे तीन भाग. वर्गशिक्षिका 'होप' नावाचा फॉर्म भरणार. शाळेतल्या 'आर्ट' टीचर वर्गातलं काम गोळा करून फाईल लावणार. (ही आर्ट म्हणजे ए-ए-आर-टी, अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅकॅडमिक्सच्या बाई. मी वर्षभर त्यांना चित्रकलेच्या बाई समजत होते, एकदा रंगपेटी कुठली घेऊ असं विचारूनही झालंय.) शिवाय आईबापांची इच्छा असेल तर घरून एक प्रश्नावली आणि मुलाची वर्क सॅम्पल्स द्यायची. मुदत १५ डिसेंबर. पानं मोजकीच घेतात, आणि घोडं पेंड खातंय ते तिथेच.

गेला आठवडाभर डायनिंग टेबलावर ढीग पडलाय आणि आम्ही ओट्याशी उभ्याने जेवतोय. ढिगात सगळ्यात वर शनिवारच्या गणिताच्या क्लासची वर्कशीटं. तीन आकडी गुणाकार, ५० पैकी ५०, कोपऱ्यात चांदणी. नवऱ्याचं म्हणणं, डोळे मिटून हीच घाल, दुसरीतल्या पोरीला तीन आकडी गुणाकार येतोय यापुढे आणखी काय दाखवायचं? त्याखाली बुद्धिबळाच्या स्पर्धेचं सर्टिफिकेट. सहभागाचं आहे, खोटं कशाला बोला. मग पेंग्विनवरचं तिचं पुस्तक, बारा पानी, मुखपृष्ठ बाबांनी ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेलं, स्पेलिंगं मी सुधारलेली. मग दिवाळीच्या किल्ल्याचे फोटो. बाहेर गारठा, म्हणून खोक्यांचा किल्ला बेसमेंटमध्ये केला होता. फोटोत किल्ला छान दिसतो, पण पोरीचं डोकं कुठे चाललं ते काही दिसत नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक कागद आहे. तो टाकून द्यायला माझा हात धजत नाही, आणि फाईलमध्ये घालायलाही.

सासूबाई दिवाळीला सांगलीहून आल्या होत्या. गॅरेजच्या फरशीवर त्यांनी रांगोळी घातली, सोबत आणलेल्या ठिपक्यांच्या कागदावर, उदबत्तीने भोकं पाडलेला जुना कागद असतो ना, तो. "७ ते ४" म्हणाल्या. लेकीने विचारलं, म्हणजे किती ठिपके? सासूबाई म्हणाल्या, "मोजतंय कोण? रांगोळी संपली की कळतं." पोरगी उठली, किराण्याच्या लांब बिलाची पाठ घेऊन बसली आणि दीड तास उठली नाही. त्या कागदावर काय आहे ते जसंच्या तसं सांगते. वर ठिपके काढलेत, वेडेवाकडे. शेजारी '३६' लिहून खोडलंय, खाली '३७', आणि बाणाने मराठी-इंग्रजी खिचडीत "मधला राहिला!!" मग एकाखाली एक: ३ ते २ = ७. ५ ते ३ = १९. ७ ते ४ = ३७. आकड्यांच्या मध्ये बारीक अक्षरात १२, १८. त्याखाली मोठ्ठ्याने "इट्स ऑल सिक्सेस आजी". आणि मग, ठिपके न काढता, ९ ते ५ = ६१. नंतर कागदाच्या कडेला ते ठिपके काढून मोजलेत आणि बरोबरची खूण केलीय. शेवेच्या हाताचा एक तेलकट अंगठा उमटलाय तो ६१ वरच.

आता माझे प्रश्न. हे असलं काही देतात का? दिलं तर तिच्याकडून नीट कागदावर उतरवून घेऊ का? मी बाजूला समजावून लिहिलं तर आईने केलं असं वाटेल का? आणि गणिताचं म्हणून वर्कशीट आधीच असताना हे कशाला, या नवऱ्याच्या मुद्द्याला उत्तर काय?

दुसरा एक कागद आहे तो सगळा मराठी आकड्यांचा. २९ एकोणतीस, ३९ एकोणचाळीस असं ८९ एकोणनव्वदपर्यंत लिहून शेवटी "मग ९९ नव्व्याण्णव का? एकोणशंभर का नाही? हू डिसायडेड?" असं विचारलंय. मला तो फार आवडतो, पण वाचणाऱ्या गोऱ्या बाईला काय कळणार त्यातलं?

सल्ला द्या. रागवायचं असेल तर तेही चालेल.

रेवदंडा_एक्सप्रेस
२२ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

ताई, तुमच्या नवऱ्याच्या जागी चार वर्षांपूर्वी मी होतो, म्हणून पहिलं उत्तर माझं.

आम्ही तेव्हा तुमच्याच काउंटीत होतो. मी फाईल अशी केली होती की कोणी बँकेत नेली असती तर कर्ज मिळालं असतं. वर्कशीट, दोन सर्टिफिकिटं, कराटेचा पट्टा बांधलेला फोटो, आणि सूर्यमालेचं मॉडेल, जे अर्ध्याहून जास्त मी केलं होतं. एप्रिलमध्ये नकार आला. चिडलो, बायकोवर, काउंटीवर, शेजाऱ्यांच्या मुलावर. अपील करता येतं हे कळल्यावर बायको म्हणाली, आता फाईल मी लावते, तू बाजूला बस.

तिने काय लावलं? मुलाने शाळेच्या बसच्या वेळा तीन आठवडे एका वहीत लिहिल्या होत्या. का, तर सकाळी किती उशिरा उठलं तरी चालेल ते काढायचं होतं. रोजची वेळ, पावसाचा दिवस असेल तर छत्री काढलेली, आणि शेवटी निष्कर्ष: "मी ७.५२ ला उठू शकतो. सोमवारी नाही." त्या सोमवारी नाहीच्या मागे खरंच कारण होतं, सोमवारी बदली ड्रायव्हर असायचा आणि तो लवकर यायचा. पोराने एक सोमवार बस चुकवून ते शोधलं होतं. मी त्या वहीला आळसाचा पुरावा समजत होतो. अपिलात घेतलं त्याला. वहीमुळेच घेतलं असं छातीठोक म्हणत नाही, नवीन परीक्षेचे मार्कही जोडले होते. पण माझ्या सूर्यमालेमुळे नक्की नाही.

नंतर आम्ही लाउडन काउंटीत आलो, इथे चौथी-पाचवीला 'फ्युचुरा' असतं, आठवड्यातून एक दिवस वेगळ्या ठिकाणी. सगळंच वेगळं. तेव्हा एका काउंटीचं ज्ञान दुसरीत वापरू नका, आणि पानांचा नियम यंदाच्या फॉर्मवर जसा छापलाय तसाच पाळा, मैत्रिणीने गेल्या वर्षी काय दिलं ते विचारू नका.

आता एक राहवत नाही म्हणून. तुमच्या लेकीचे आकडे बघा, आधी एकट्या ठिपक्याचा १ धरून: १, ७, १९, ३७. बेरीज करत चला. १. १ आणि ७ आठ. त्यात १९ मिळवले की २७. त्यात ३७ मिळवले की ६४. १, ८, २७, ६४. घन आहेत हो सगळे! ६१ मिळवले की १२५. मी काल रात्री साडेबाराला बायकोला उठवून दाखवलं. ती पुन्हा झोपली.

हे पोरीला सांगू नका मात्र. सांगितलंत की ते तुमचं होईल.

कट्ट्यावरचा
२२ नोव्हेंबर, दुपारी १.०२

सात वर्षांच्या पोरीची 'फाईल'. धन्य आहे. आम्ही सातव्या वर्षी चिंचा पाडत होतो आणि आमची फाईल गावच्या पोलीस पाटलाकडे होती.

गंमत जाऊ द्या. तिला विचारलंत का, हे कागद कोणाला दाखवायचेत का म्हणून? एवढा मोठा धागा, सासू आहे, नवरा आहे, गोरी बाई आहे, तिचं मत मात्र कुठेच नाही.

चिंचगूळ
२२ नोव्हेंबर, दुपारी १.३०

नाही विचारलं. टोचलं, पण बरोबर टोचलं. आज विचारते.

रेवदंडा, घनाचं वाचून नवऱ्याने वर्कशीट खाली ठेवली आणि वही घेऊन बसला. आता दोघांना जेवायला बोलवावं लागतं.

मास्तरीणबाई
२३ नोव्हेंबर, रात्री ९.२०

चिंचगूळ, तुला अगं म्हणते, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्या वयाची असेल. मी इथे दुसऱ्या राज्यात प्राथमिक शाळेत २२ वर्षं शिकवलं आणि त्यातली काही वर्षं आमच्या जिल्ह्याच्या निवडीच्या टेबलावर बसले. तुमच्या काउंटीचे कागद मी कधी वाचले नाहीत, पण टेबल सगळीकडे टेबलच असतं, म्हणून सांगते.

आम्ही बसायचो ती खोली लायब्ररीच्या मागची, खिडकी नसलेली. समोर फायलींचा गठ्ठा, थर्मासात कॉफी. एका मुलाच्या वाट्याला मिनिटं यायची, तास नाही. दुपारपर्यंत दहावा ज्वालामुखी, सातवा गुणाकाराचा कागद आणि चौथी "माझी आदर्श व्यक्ती" डोळ्यांखालून गेलेली असायची. तीन आकडी गुणाकार बघून मनात एवढंच यायचं की या मुलाला कोणीतरी तीन आकडी गुणाकार शिकवलाय. छान. पुढे? बरं, गणितात पुढे आहे हे कोगॅटचा आकड्यांचा भाग सांगतोच आहे ना. जे मार्कांतून कळतं तेच पुन्हा सांगायला तुझ्या त्या मोजक्या पानांतलं एक पान कशाला घालवायचं? नवऱ्याला हे उत्तर दे, माझ्या नावावर दे.

आता तुझा बिलाचा कागद. तू लिहिलंस की तिने ३६ लिहून खोडलं. तू ते चूक म्हणून लिहिलंस, आणि बहुधा उतरवून घेताना ते गाळणार होतीस. थांब. '७ ते ४' म्हणजे ओळी कशा? ४, ५, ६, ७, ६, ५, ४. अशा ओळींनी मोजणारं मूल मधला ठिपका विसरूच शकत नाही, तो सातांच्या ओळीत आपसूक येतो. मधला ठिपका कोण विसरतं? जे मूल मध्यापासून बाहेर कड्यांनी मोजतं ते. पहिलं कडं ६, दुसरं १२, तिसरं १८. झाले ३६, आणि ज्याच्याभोवती कडी फिरली तो बिचारा मोजायचा राहिला! आजीने ओळींनी सांगितलेली रांगोळी पोरीने कड्यांनी पाहिली. आणि "ऑल सिक्सेस" ती म्हणू शकली ती त्यामुळेच. ते खोडलेलं ३६ हाच तुझ्या फाईलमधला सगळ्यात किमती आकडा आहे. स्वच्छ कागदावर उतरवलंस तर नेमका तोच जाईल, आणि उरेल एक नेटकी रांगोळी.

म्हणून: मूळ कागदाचा रंगीत स्कॅन. अंगठ्यासकट. लांब बिल लेटर साईझमध्ये मावत नसेल तर लहान करून घे, पण ३६ वाचता आलं पाहिजे. अक्षर बारीक झालं म्हणून आम्ही भिंग शोधल्याचं मला आठवतं, सगळे एवढे उत्साही नसतात.

बाजूला तू लिहायचं का? लिही, जरूर लिही, पण तीन-चार ओळी. कधी, कुठे, कशावरून सुरू झालं, कोणी किती मदत केली. मदत शून्य असेल तर शून्य लिही, आजीने "मोजतंय कोण" म्हटलं तेही लिही, मला असतं तर फार आवडलं असतं. त्यानंतर तिचं एक वाक्य, तिने म्हटलं तसं, अवतरणात. "शी डिस्प्लेज एक्सेप्शनल मॅथेमॅटिकल रीझनिंग" असलं एक अक्षर लिहू नकोस. ते ठरवण्यासाठीच आम्हाला बसवलेलं असतं, आणि आईने ठरवून दिलं की मन उगीच अडून बसतं. आम्ही माणसंच.

पेंग्विन राहू दे. तुझी स्पेलिंगं दिसतात बाई. मोठ्यांचा हात कुठे लागलाय ते वाचणाऱ्याला दिसतं, कात्रीच्या रेषेवरून दिसतं. आणि वर्गातले नमुने शाळेकडून येणारच आहेत. त्यातलं मूल आणि घरच्या पानांतलं मूल दोन वेगळी वाटली तर घरच्या पानांवरचाच विश्वास उडतो.

किल्ल्याचा फोटो द्यायचा झाला तर फक्त फोटो नको. किल्ला करताना काहीतरी पडलं असेल, कोसळलं असेल, तिने बदललं असेल. तो 'आधी' आणि 'नंतर' असेल तर बोल. नसेल तर तो आठवणींच्या वहीत शोभेल.

मराठी आकड्यांचं पान दे. नक्की दे. एक गणिताचं झालं, हे भाषेचं आहे, आणि दोन्हीकडे मूल एकच गोष्ट करतंय बघ: नियम शोधतंय आणि नियम मोडला की चिडतंय. गोऱ्या बाईला कळेल की. प्रत्येक मराठी शब्दाखाली बारीक अक्षरात अर्थ दे, 'एक-कमी-तीस', 'एक-कमी-चाळीस'. शेवटी '९९: इथे मात्र नऊ-आणि-नव्वद'. कोणतीही बाई वाचताना हसेल आणि शेजारणीला दाखवेल. शेजारणीला दाखवला गेलेला कागद विसरला जात नाही.

अजून एक, कोणी बोलत नाही म्हणून बोलते. खूप चांगली मुलं नाकारली जातात. मी स्वतः नाकारली आहेत आणि त्यातल्या एका मुलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो, कारण पुढच्या वर्षी ती माझ्याच वर्गात आली आणि मला कळलं की कागदांनी मला काहीच सांगितलं नव्हतं. तिच्या आईने सगळं स्वच्छ करून पाठवलं होतं.

निवृत्त_लेखनिक
२४ नोव्हेंबर, सकाळी ६.०५ (पुण्यात संध्याकाळ, चहा झाला)

मास्तरीणबाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. ३६ चं मला सुचलं नव्हतं, आणि मी आयुष्यभर बेरजा तपासल्या आहेत.

मला त्या अमेरिकेच्या काउंटीतलं कळत नाही. आमच्याकडे हुशारी म्हणजे चौथीची आणि सातवीची स्कॉलरशिप, मध्यंतरी ती पाचवी-आठवीला गेली होती. त्याला फाईल लागत नसे, पेन्सिल लागे. हुशार मुलांचा वेगळा विचार करणारी म्हणून इथे ज्ञान प्रबोधिनी, आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली सुरू केली, प्रशाला १९६९ ची. माझ्या पुतणीला तिथे प्रवेश मिळाला नाही. भावाने दोन महिने तोंड पाडलं, पुतणीने दोन दिवस. ती आता धरणांच्या भिंतींचं काम करते. असो.

मी लिहायला बसलो ते एकोणशंभरासाठी. मुलीला सांगा, 'एकोण' म्हणजे एक-ऊन, ऊन म्हणजे कमी. हाच 'ऊन' पाऊणमध्येही लपला आहे: पाऊण म्हणजे पाद-ऊन, पाव कमी. पावणेदोनमध्येही तोच. तेव्हा तिला पुढचं कोडं हवं असेल तर द्या: पावणेदोनशे म्हणजे किती, आणि दोनशेत पाव कमी म्हटलं तर १९९ आणि पाऊण का येत नाही, १७५ का येतात? दीडशे आणि अडीचशेही त्यातच आले. आमच्या ऑफिसात नवीन मुलं इथे गडबडत.

आणि ती एकटी नाही हेही सांगा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं दिलं, तर केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत गेलं. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरं आणि उलटे आकडे जड जातात. बाजू कुठलीही घ्या. मात्र जो प्रश्न तुमच्या पोरीने त्या दुसऱ्या कागदावर विचारला त्यावर आमच्याकडे मोठी माणसं महिनाभर भांडली.

रेवदंडा_एक्सप्रेस
२४ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

काका, दोनशेत पाव कमी = १७५ हे मला आत्ता, वयाच्या ४१ व्या वर्षी, ट्रेनमध्ये उभं असताना कळलं. शंभराचा पाव. नमस्कार स्वीकारा.

चिंचगूळ
१२ डिसेंबर, रात्री १०.१५

मंडळी, काम झालं. आज दिलं. कोणी पुढे शोधत आलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते.

कट्ट्यावरच्यांचं ऐकून तिला सगळे कागद दाखवले आणि म्हटलं, काही माणसांना तू कसा विचार करतेस ते बघायचंय, यातलं काय दाखवूया? पेंग्विन तिने स्वतःच बाजूला काढला. "हे नको, स्पेलिंग तू केलंस." वर्कशीटकडे बघून म्हणाली, "हे तर सगळ्यांना सेम देतात." नवरा तिथेच उभा होता. काही बोलला नाही, डबे लावायला गेला. सर्टिफिकेटबद्दल मात्र तिने वाद घातला, तिला ते हवं होतं, कारण त्यावर सोनेरी शिक्का आहे. ते फ्रिजवर लावलंय. तिची स्वतःची पहिली पसंती म्हणजे मांजराचं चित्र. आम्हाला मांजर नाही. ते तिने कशाला निवडलं विचारलं तर "ते हॅपी आहे" म्हणाली. नाही घातलं. वाईट वाटलं, पण नाही घातलं.

बिलाचा कागद रंगीत स्कॅन केला. लहान केल्यावर ३६ पुसट झालं, म्हणून दुकानात जाऊन पुन्हा केला, तिथला मुलगा म्हणाला डाग काढून देतो. नको म्हटलं. बाजूला चार ओळी लिहिल्या: दिवाळी, गॅरेज, आजी काय म्हणाली, कोणी मदत केली नाही. ३६ बद्दल मी काही लिहिलं नाही, मास्तरीणबाई. लिहिलं होतं आधी, कडी आणि ओळी, सगळं. मग वाटलं ते तुमचं बघणं आहे, तिचं नाही. त्याऐवजी तिला विचारलं, आधी ३६ का आले होते? ती म्हणाली, "मी गोल गोल मोजलं, आणि सेंटर कोणाच्याच गोलात नव्हता." तेवढंच लिहिलं, अवतरणात.

आकड्यांच्या पानावर शब्दाशब्दाखाली अर्थ दिला. त्याच्याखाली तिने स्वतःहून पेन्सिलने एक ओळ वाढवली, "पाऊण इज अल्सो वन ऑफ देम, अ काका फ्रॉम पुणे सेड". ती ठेवली. मदत कोणी केली ते लिहायचंच होतं. पावणेदोनशेचं कोडं तिला अजून सुटलेलं नाही, मी सांगितलेलं नाही, आणि घरात सध्या त्यावर बोलायला बंदी आहे कारण तिच्या बाबांच्या तोंडून निसटेल. घनाचंही तसंच. तो माणूस फुटायला आलाय.

किल्ला नाही घातला. आधीचा फोटोच नव्हता.

निकाल एप्रिलमध्ये. तेव्हा इथे लिहीनच असं नाही.

आज फाईल देऊन घरी आले तर ही दारात उभी. मूळ कागद कुठाय? म्हटलं, शाळेत फक्त कॉपी दिलीय, मूळ माझ्या पर्समध्ये आहे. "मग दे." कशाला? तर कागदाच्या तळाशी, अंगठ्याच्या खाली, तिने कधीतरी "११ ते ६ = ९१ ?" लिहून ठेवलंय. मी ते स्कॅन करताना पाहिलंही नव्हतं. ते ठिपके काढून बघायचे राहिलेत. आत्ता सव्वादहा वाजलेत, ती जमिनीवर पालथी पडून मोजतेय आणि मला झोपवायचं सुचत नाहीये.